औलांका नदी: घळईतून वाळूत, फिनलंडमधून श्वेत समुद्रात

एका वाचकांचा प्रश्न आला आहे. पुण्याहून चौघं जण सप्टेंबरमध्ये उत्तर फिनलंडमधली कार्हुनकिएरोस ही ८२ किलोमीटरची पायवाट चालायला निघाले आहेत. वाटेचा मोठा भाग औलांका नदीच्या काठाने जातो. नकाशा बघून त्यांना पडलेले प्रश्न असे: वरच्या भागात ही नदी घळईत अडकलेली दिसते, मध्ये कोसळते, आणि खाली एकदम नागमोडी होऊन रशियात शिरते, एकाच नदीचा स्वभाव इतका कसा पालटतो? फिनलंडला पश्चिमेला समुद्र असताना ती पूर्वेला का वळते? कित्का ही तिचीच शाखा की वेगळी नदी? आणि खालचा टप्पा कनूने करता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: हो, करता येईल, आणि वेळ असेल तर जरूर करा. तपशील शेवटी. बाकीच्या प्रश्नांना थोडा वेळ लागेल, कारण ही नदी समजायची तर आधी एक अपेक्षा बाजूला ठेवावी लागते. आपण शाळेत शिकतो की नदी डोंगरात उगम पावते, दरी कोरते, मैदानात येते आणि म्हातारी होऊन समुद्राला मिळते. औलांकाच्या बाबतीत हा क्रम लागू पडत नाही. तिची दरी तिने कोरलेलीच नाही. दरी तिच्या कितीतरी आधीची आहे आणि तिच्या मानाने कितीतरी मोठी आहे. थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखी ही नदी त्या दरीत वावरते. मी नदीपात्रांचा अभ्यास करते, त्यामुळे काठावर उभं राहिलं की पहिला विचार हाच येतो की समोरचं खोरं या पाण्याने केलंय की दुसऱ्या कुणी. इथे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘दुसऱ्या कुणी’ असंच आहे.

आता दिशेचं बघू. नदीचा उगम साल्ला नगरपालिकेच्या हद्दीतल्या जंगल-दलदलीच्या मुलखात, आर्क्टिक वृत्ताच्या आसपास. तुमची वाट जिथून सुरू होते ते हाउतायार्वी जवळजवळ त्या वृत्तावरच आहे. हा सगळा प्रदेश जलविभाजकावर बसलेला आहे. पश्चिमेकडचं पाणी केमीयोकी आणि ईयोकी या नद्यांतून बोथ्नियाच्या आखातात, म्हणजे बाल्टिकमध्ये जातं. पूर्वेकडचं पाणी रशियात शिरून श्वेत समुद्राला मिळतं. औलांका या दुसऱ्या गटातली. जलविभाजक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीची धार येते. इथे तसं काही नाही. विभाजक म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेली सपाट दलदल आणि बुटक्या टेकड्या. पाणी कुठल्या बाजूला चाललंय हे त्यावर उभं राहून सांगता येत नाही, समोच्च रेषांचा नकाशाच उघडावा लागतो. पण पूर्वेला थोडं सरकलं की मामला पालटतो. तिथे जुन्या कातळात पूर्व-पश्चिम गेलेला एक खोल भंग आहे, आणि त्या भंगाच्या दिशेने सगळ्या भागाचा उतार आहे. पाणी तिकडे ओढलं जातं.

हा कातळ सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात क्वार्टझाइट आहे, डोलोमाइट आहे, आणि नदीच्या स्वभावाची अर्धी किल्ली या दोन नावांत आहे. क्वार्टझाइट जवळजवळ झिजतच नाही. डोलोमाइट चुनखडीच्या कुळातला. पाण्यात थोडा थोडा विरघळतो, भेगांतून सुटतो आणि ताठ कडे मागे ठेवतो. उत्तरेकडच्या बहुतेक जंगली नद्यांचं पाणी दलदलीतल्या कुजलेल्या पाल्यामुळे चहाच्या रंगाचं आणि किंचित आंबट असतं. औलांकाच्या पाण्यालाही थोडा रंग आहे, पण चुनखडीच्या संगतीमुळे आंबटपणा मरतो. म्हणून तिच्या काठी कॅलिप्सो नावाचं गुलाबी ऑर्किड उगवतं. औलांका राष्ट्रीय उद्यानाचं ते बोधचिन्ह आहे. ते मेअखेर ते जूनमध्ये फुलतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तुम्हाला फूल दिसायचं नाही, पण ज्या कड्यांवर ऊन येत नाही अशा थंड कपारींमध्ये आर्क्टिकमधल्या डोंगरांवरच्या वनस्पती चिकटून आहेत, त्या मात्र बघा.

चालायला लागल्यावर पहिला मोठा टप्पा साविलाम्पीचा. इथे साविना ही छोटी नदी औलांकाला मिळते आणि आसपास औलांकाची घळई आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे. इथे नदीला वळायला जागा नाही. जुन्या भेगा जशा गेल्या तशी ती जाते. सरळ, मग एकदम काटकोनात, पुन्हा सरळ. नकाशावर नदी अशी कोनाकोनाने वळताना दिसली तर समजावं की वळणं तिने निवडलेली नाहीत. रिस्तिकालिओच्या बाजूने येणारी आवेंतो ही उपनदीही अशीच कड्यांच्या पायथ्याने येते. पुढे ताइवलकोंगस. नदी तिथे बेटांना वळसा घालत फुटते आणि खळाळत उतरते. झुलते पूल आहेत, मुक्कामाची झोपडी आहे. तिथे गर्दी असते, पण थांबण्यासारखी जागा आहे.

मग किउताकोंगस. सुमारे ६०० मीटर लांबीत नदी १४ मीटर उतरते. आकडा ऐकून धबधब्याची अपेक्षा धरलीत तर निराशा होईल. हा एका उडीचा धबधबा नव्हे, ही पाण्याची लांबच लांब घसरण आहे. बाजूला डोलोमाइटचे तांबूस कडे. या जागेचं महत्त्व देखाव्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी आहे: नदीचे दोन भाग इथे जोडलेत. वरचा सगळा उतार कातळाच्या हातात आहे. किउताकोंगसची पायरी जोवर झिजत नाही तोवर तिच्या वरची नदी आपलं पात्र खोल करू शकत नाही, आणि ती पायरी माणसाच्या हिशोबात झिजत नाही. खालचा सगळा उतार दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचं नाव पानायार्वी. ओउलू विद्यापीठाने १९६६ मध्ये आपलं संशोधन केंद्र या किउताकोंगसच्या शेजारीच बांधलं, ते उगाच नाही.

पानायार्वी हा सीमेपलीकडचा तलाव. २४ किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम दीडेक किलोमीटर, आणि खोली १२८ मीटर. मघाशी सांगितलेला भंग तो हाच. तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १३६ मीटरवर, म्हणजे तळ समुद्रसपाटीच्या जेमतेम वर. इतक्या आत, जंगलात! भंगामुळे कातळ आधीच खिळखिळा झालेला, त्यावरून हिमयुगातलं बर्फ गेलं आणि त्याने तो खरवडून काढला. पाण्याला असा खड्डा खणता येत नाही. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडापेक्षा खाली नदी तळ कोरत नसते. बर्फाला ही अट नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, किउताकोंगसच्या खाली नदी एवढी संथ आणि नागमोडी का. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ पश्चिमेकडे मागे हटत गेलं. वितळलेलं पाणी पूर्वेकडे या दरीतून वाहिलं आणि येताना वाळू, रेती, बारीक गाळ घेऊन आलं. दरीत तेव्हा तुंबलेलं पाणी होतं, त्यात हा सगळा माल बसत गेला. पुढे पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने उतरली आणि नदी त्याच भरावात खाली खाली कापत गेली. प्रत्येक थांब्याची खूण म्हणजे दरीच्या बाजूला राहिलेली सपाट नदीपायरी. चालताना तुम्हाला पाइनचं मोकळं, कोरडं, शेवाळी-करड्या लायकेनचं जंगल लागेल, जमीन टेबलासारखी सपाट, आणि मग एकदम खाली उतार. ती पायरी. तिच्यावर पाणी टिकत नाही, वाळू ते गिळते, म्हणून तिथे पाइन. खालच्या ओल्या पूरमैदानात बर्च, विलो आणि गवत. झाडं बघून पायऱ्या मोजता येतात.

अशा सुट्या वाळूत, पुढे पानायार्वीच्या पातळीने उतार अडवलेला असताना, नदी करणार काय? आडवी हलणार. बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं, काठ कोसळतो, आतल्या बाजूला वाळूचा पट्टा साठतो, वळण आणखी वळतं. कधीतरी पुराचं पाणी वळणाची मान तोडून सरळ जातं आणि जुनं वळण नालाकृती सरोवर होऊन मागे राहतं. नकाशावर नदीशेजारी जी अर्धचंद्राकार डबकी दिसतात ती हीच.

एक गोष्ट कनूतून गेलात तर नक्की करा: बाहेरच्या वळणाचा ताजा कोसळलेला काठ जवळून बघा. अगदी खाली नाही, काठ वरून येतो. थोडं अंतर ठेवून. वर हातभर काळपट मातीचा थर, त्यात मुळ्यांचं जाळं. खाली फिकट पिवळी बारीक वाळू, आणि तिच्यात बोटभर, कुठे त्याहूनही पातळ, गडद पट्ट्या. पट्टी म्हणजे एखाद्या पुराने आणलेला पालापाचोळा आणि मळी, वर पुढच्या पुराची वाळू, पुन्हा पट्टी. सगळ्या सारख्या जाडीच्या नसतात. एखादी चांगली जाड असते, तिच्यात बर्चच्या सालीचे पांढरे तुकडे अजून ओळखू येतात, कारण ती साल लवकर कुजत नाही. त्याच्याही खाली, पाण्याच्या रेषेजवळ, थर तिरके होतात. ते नदीचे नव्हेत, बर्फ वितळतानाचे. म्हणजे दोन वेगवेगळ्या काळांचा माल एकाच काठात एकावर एक बसलेला. वरच्या वाळूत ओळीने भोकं असतील तर ती मातीच्या पाकोळ्यांची घरटी. सप्टेंबरपर्यंत त्या दक्षिणेला गेलेल्या असतात.

पूर म्हटला की आपल्याला जुलै-ऑगस्ट आठवतो. इथे वर्षाला पाऊस आणि हिम मिळून पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतं, महाबळेश्वरला त्याच्या जवळपास दहापट. पण यातला मोठा वाटा सहा-सात महिने बर्फ होऊन जमिनीवर पडून राहतो आणि मे महिन्यात काही आठवड्यांत एकदम सुटतो. पूर तेव्हाचा. सप्टेंबरमध्ये नदी साधारण उतरलेली असते. त्यात औलांकाच्या वरच्या पाणलोटात पाणी थोपवून धरतील असे मोठे तलाव नाहीत, म्हणून ती चढतेही पटकन आणि उतरतेही पटकन.

इथेच कित्काचं उत्तर आहे. ती शाखा नव्हे, स्वतंत्र नदी आणि औलांकाची सगळ्यात मोठी उपनदी. ती निघते तीच मुळी कित्का तलावांतून. हे मोठे तलाव पाणी साठवून ठेवतात आणि सावकाश सोडतात, त्यात गाळही बसून जातो. म्हणून कित्का वर्षभर औलांकापेक्षा एकसारखी वाहते आणि तिचं पाणी काचेसारखं नितळ असतं. तलाव सुमारे २४० मीटरवर आणि पानायार्वी १३६ वर, म्हणजे मधल्या काही मैलांत तिला शंभरेक मीटर उतरायचंय. ते ती खळाळांच्या रांगेत उतरते. तुमच्या वाटेवर यूमाजवळ मिल्लिकोस्की लागेल, तिथे जुनी पाणचक्की अजून उभी आहे, आणि थोडं खाली युरॅव्हॅ, ९ मीटरचा धबधबा. पायवाट मध्येच औलांका सोडते आणि दक्षिणेला कित्काकडे जाते, त्यामुळे दोघींचा संगम तुम्हाला दिसत नाही. तो पूर्वेला, सीमेच्या अगदी जवळ आहे. चालणाऱ्यांचा गोंधळ होतो तो यामुळेच; पहिले दिवस एक नदी, पुढचे दिवस दुसरी, आणि पाणी सारखंच थंड.

युरॅव्हॅचा उल्लेख आलाच आहे तर माशांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथला ब्राउन ट्राउट जन्मतो या नद्यांच्या रेताड-गोट्यांच्या तळात, काही वर्षं इथेच वाढतो, मग खाली रशियातल्या पानायार्वी आणि प्याओझेरो या तलावांत जातो, तिथे छोट्या माशांवर पोसून चांगला थोराड होतो आणि अंडी घालायला पुन्हा वर फिनलंडमध्ये येतो. कित्कात तो युरॅव्हॅपर्यंतच येऊ शकतो, ९ मीटरची उडी त्याच्या आवाक्याबाहेरची. धबधब्याच्या वरचे ट्राउट आणि खालचे ट्राउट त्यामुळे वेगळे जगतात. दोन देशांचे मासेमारीचे नियम एकाच माशाला लागतात, त्याची डोकेदुखी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना आहे. तुम्हाला गळ टाकायचा असेल तर परवान्याची आणि बंदीच्या काळाची चौकशी आधी करा. शरद ऋतूत अंडी घालण्याच्या सुमारास नियम कडक असतात.

हे पाणी आज मोकळं वाहतंय यात राजकारणाचाही वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडने उत्तरेकडच्या नद्या वीजनिर्मितीसाठी भराभर बांधायला घेतल्या, आणि कूसामोच्या, म्हणजे याच भागातल्या नगरपालिकेच्या, खळाळांवरही डोळा होता. स्थानिक पत्रकार रेइनो रिन्ने यांनी त्याविरुद्ध रान उठवलं; तो वाद तिथे ‘खळाळांचं युद्ध’ म्हणूनच ओळखला जातो. १९५६ मध्ये औलांका राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे ते वाढवलं गेलं. शेजारच्या केमीयोकीवर धरणांची माळ आहे, ती एकदा बघून आलात की औलांकाचं नशीब कळतं. पूरमैदानातली काही कुरणं उद्यानातर्फे अजूनही कापतात. पूर्वी आसपासचे शेतकरी तिथून गुरांसाठी गवत नेत. पुराचा गाळ हेच खत. कापणं थांबलं की काही वर्षांत झुडपं शिरतात.

सीमेपलीकडचा मार्ग थोडक्यात. पानायार्वी आणि त्याच्या काठचं गाव १९३९-४० च्या हिवाळी युद्धापर्यंत फिनलंडमध्ये होतं. युद्धानंतरच्या तहात ते सोव्हिएत संघाकडे गेलं, माणसं उठून पश्चिमेला आली. रशियाने तिथे १९९२ मध्ये पानायार्वी राष्ट्रीय उद्यान केलं. नुओरुनेन हा ५७७ मीटरचा डोंगर त्यातच येतो. तलावातून बाहेर पडल्यावर नदीला रशियात ओलांगा म्हणतात. ती किवाक्काच्या खळाळावरून उतरते आणि प्याओझेरो या भल्या मोठ्या तलावात शिरते. तिथून पुढे नैसर्गिक नदी फारशी उरत नाही. कोव्दा नदीच्या साखळीवर सोव्हिएत काळात, १९५० आणि १९६० च्या दशकांत जलविद्युत धरणं झाली, तलावांच्या पातळ्या वर चढल्या, आणि पाणी जलाशयातून जलाशयात जात शेवटी कांदालाक्शाच्या आखातात, म्हणजे श्वेत समुद्रात पोचतं. उगमापासून प्याओझेरोपर्यंतचा औलांकाचा स्वतःचा प्रवास दीडशे किलोमीटरच्या आतच आटोपतो.

तुम्ही सप्टेंबरमध्ये जाताय, म्हणून एक खूण शोधायला सांगते. पूरमैदानातल्या बर्चच्या खोडांवर, नदीच्या वरच्या अंगाला, कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर साल खरवडून निघालेली दिसेल. ते रेनडियरचं काम नव्हे. मे महिन्यात नदीवरचं बर्फ फुटून लाद्या वाहत येतात, वळणावर अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि लाद्या काठावर चढून झाडांना घासतात. खळाळांत हिवाळ्यातली गंमत वेगळी. संथ पाण्यावर बर्फाचं झाकण बसतं, पण किउताकोंगससारखी जागा बराच काळ उघडी राहते. कडक थंडीत तिथलं पाणी शून्याच्या किंचित खाली जातं, त्यात बर्फाचे बारीक कण तयार होतात आणि ते वर तरंगण्याऐवजी तळाच्या गोट्यांना चिकटतात. तळ वर येतो, पाणी पसरतं, आणि ऊन पडलं की हे बर्फ गोट्यांसकट सुटून वर येतं. नदी अशी कडाक्याच्या थंडीतही दगड हलवत असते, आणि वरून बघणाऱ्याला वाटतं सगळं थिजलंय.

आता कनूचं. वरच्या टप्प्यात खळाळ आहेत. अनुभव नसेल तर तिकडे जाऊ नका, आणि असला तरी ताइवलकोंगसला बोट उचलून न्यावी लागते. किउताकोंगसमध्ये तर कुणीच उतरायचं नाही. वरून येणाऱ्यांनी उद्यानाच्या केंद्राजवळ मातारानिएमीला बाहेर पडायचं. तुमच्यासाठी योग्य टप्पा किउताकोंगसच्या खालून याकालामुत्कापर्यंतचा, सुमारे २५ किलोमीटर. पाणी संथ, नवख्यांनाही जमतं. एका दिवसात होतो, पण मध्ये नुर्मिसारेन्निएमीला मुक्काम केलात तर घाई होणार नाही आणि वाळूचे काठ नीट बघता येतील. बोट भाड्याने देणारे आणि शेवटाहून गाडीने परत आणणारे तिथे मिळतात. सप्टेंबर हा हंगामाचा शेवट असल्याने आधी ठरवून ठेवा. वळणाच्या बाहेरच्या, कोसळणाऱ्या काठाखाली थांबू नका, तंबू आतल्या बाजूच्या वाळूवर अगदी पाण्यालगत लावू नका. वर पाऊस झाला तर ही नदी रात्रीत चढते.

आणि याकालामुत्काला उतरायचं म्हणजे उतरायचंच. पुढे सीमाक्षेत्र सुरू होतं, त्याच्या खुणा पिवळ्या रंगाच्या असतात, आणि परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा आहे. संगम बघायचा मोह होईल, कारण तो तिथून फार लांब नाही. फिनलंडने रशियाकडची जमिनीवरची सगळी प्रवासी नाकी २०२३ च्या अखेरीस बंद केली आहेत, त्यामुळे पलीकडचं पानायार्वी या वाटेने बघणं सध्या शक्य नाही. फोनवरच्या नकाशात सीमाक्षेत्र दाखवलेलं असेलच असं नाही. उद्यानाच्या केंद्रात छापील नकाशा मिळतो, तो घेऊन निघा.